हा फुगा माझा नाही

माझी वहिनी कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवते. त्याला आता पंचवीस वर्षं होतील. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा आमच्या आईला वेगळीच काळजी पडली होती: ही दिवसभर शाळेत घसा कोरडा करून येणार, मग घरी तोंड कशाला उघडेल! तसं काही झालं नाही. वहिनी घरीही भरपूर बोलते, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघते, की तिला थाप मारायची आमच्या दादाची आजवर छाती झालेली नाही.

मी तिची धाकटी नणंद. ती दोघं वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. छापखान्यात मी तीस वर्षं अक्षरजुळणी केली, पानं लावली. छापखाना बंद पडला तेव्हापासून घरी बसून लेबलं, पत्रकं, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर असली कामं करते. वहिनी मला एरवी 'अगं' म्हणूनच हाक मारते. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, काम आहे आणि ते सोपं नाही.

त्या गुरुवारी दुपारी ती जिन्यातूनच ओरडत आली, "वन्सं, आमचा फुगा गेला!"

फुगा म्हणजे काय ते सांगायला हवं. वहिनीच्या वर्गात खिडकीशेजारी एक जुना संगणक होता. त्यावर एकच प्रोग्राम चालायचा. पडद्यावर हिरवं मैदान, वर आकाश आणि मैदानात एक लाल फुगा. मूल मायक्रोफोनसमोर बसून आवाज काढू लागलं की फुगा वर चढतो. आवाज टिकला तर तरंगत राहतो, थांबला की खाली येतो. बस, एवढंच. ऐकू येणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्या मुलाला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्याला आपल्या तोंडातून काही बाहेर पडतंय हे कळणार कसं? कानात यंत्र बसवलं तरी पहिले कित्येक महिने आवाज म्हणजे नुसता कालवा असतो. त्यातला आपला कुठला, दुसऱ्याचा कुठला, पंख्याचा कुठला, काही उमगत नाही. फुगा ते दाखवून देतो. मी आवाज काढला, फुगा उडाला. मी थांबले, तोही थांबला. वहिनी म्हणते, आवाज आपल्या मालकीचा आहे हे एकदा मुलाला पटलं, की निम्मं काम झालं.

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"संगणकातून धूर आला. शिपायानं वायर ओढली म्हणून बरं. आता तो मेलाय. आणि नेमकी आत्ताच खळी बोलायला लागली होती गं!"

खळी तिच्या वर्गातली सर्वांत लहान मुलगी, पाच वर्षांची. त्या शाळेत प्रत्येकाचं एक खुणेचं नाव असतं. हिच्या उजव्या गालाला खळी पडते, म्हणून गालाला बोट टेकवलं की ती. तिची आई बसच्या आगारात गाड्या धुते. पोरीला ऐकू येत नाही हे उशिरा कळलं, यंत्र उशिरा बसलं, आणि शाळेत आल्यावर सात महिने ती ओठ घट्ट मिटून बसली होती. रडतानासुद्धा आवाज नाही. मग त्याच आठवड्यातल्या मंगळवारी, इतर मुलं फुगा उडवताना बघता बघता, ती आपणहून खुर्चीवर चढली आणि 'आ' म्हणाली. फुगा वीतभर वर गेला. बुधवारी ती दिवसभर त्या खुर्चीवरून हलली नाही. गुरुवारी सकाळी धूर.

"दुसरा संगणक नाही?"

"पाच आहेत. एका कचेरीनं दिलेत, चांगले आहेत. पण त्यांच्यावर ते तुझं लिनक्स आहे. सीडी घातली तर ओळखच दाखवत नाहीत. तुझ्या दादाच्या नव्या लॅपटॉपवर बघितलं, त्यावर विंडोज आहे तरी म्हणतो, हा प्रोग्राम फार जुना आहे, चालणार नाही. ज्यांनी बनवला ती कंपनी कधीच बंद झाली. मोबाइलवर दोन-तीन बघितले. एकात नुसत्या रेघा वरखाली होतात, दुसरा चुकलं की लाल फुली दाखवतो. सात महिने गप्प बसलेल्या पोरीला मी लाल फुली दाखवू?"

ती खुर्चीत बसली. मी चहा टाकला. तिच्या हातात ती सीडी होती, मधोमध ओरखडा पडलेली, वर मार्करनं 'फुगा' लिहिलेलं.

मी म्हटलं, "चालेल कदाचित."

हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. छापखान्यात शेवटची सहा वर्षं आम्ही हेच केलं होतं. पानं लावायचा आमचा जुना प्रोग्राम विंडोजचा, आणि मालकांनी खर्च वाचवायला सगळी यंत्रं विंडोज सोडून लिनक्सवर नेली. तेव्हा मी वाइन शिकले. वाइन नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो दुभाष्याचं काम करतो. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम आपल्या भाषेत काहीतरी मागतो, "मला खिडकी उघडून दे", "मला आवाज दे", आणि हा मध्ये बसून तेच लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. प्रोग्रामला पत्ताही नसतो की आपण परक्या घरात राहतोय.

वहिनीला हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे आमच्या पालकसभेत खुणा करून सांगणाऱ्या बाई असतात तसं."

"अगदी तसं."

"मग शनिवारी ये. मुलं नसतात."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी वर्गात बसलो. छोट्या छोट्या खुर्च्या, भिंतीवर ओठांची मोठमोठी चित्रं, दारावर सूचना: 'हळू बोला' कुठेही नव्हती, 'तोंड दिसेल असं बोला' मात्र होती. मी पहिल्या संगणकावर काम सुरू केलं. मुख्याध्यापिका सहज डोकवायला आल्या, तेवढ्यात मी वहिनीला म्हणत होते, "आधी वाइन टाकू, मग बघ कसं सगळं सुरळीत होतंय."

मुख्याध्यापिका दारातच थबकल्या. "शाळेत?"

वहिनीनं हसत हसत खुलासा केला. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "नाव बदलायला सांगा हो त्यांना. समितीच्या अहवालात मी काय लिहू?" शेवटी अहवालात 'दुभाषा प्रणाली' असं गेलं.

काम सरळ झालं नाही. आधी सीडी वाचली जाईना. ओरखड्यावर मऊ फडकं फिरवून, चार वेळा घालून काढून, पाचव्या वेळी वाचली. मग प्रोग्राम उघडला, पण सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन. त्याला हवा असलेला टंक, म्हणजे फॉन्ट, दिला. ते माझं रोजचंच काम होतं. मग मैदान दिसलं, फुगा दिसला, पण मायक्रोफोन बहिरा. हा शब्द मी त्या वर्गात बोलून गेले आणि जीभ चावली. वहिनी म्हणाली, "बोल गं, इथं कुणाला राग येत नाही."

बाराच्या सुमारास मी मायक्रोफोनसमोर 'आ' केलं आणि फुगा वर गेला. वहिनीनं माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला, की फुगा आणखी वर गेला. आम्ही दोघींनी आळीपाळीनं आ, ई, ऊ करून बघितलं. शिपाई आला, त्यानं खोकून दाखवलं. मुख्याध्यापिकांनी फुग्याला नमस्कार केला. मी घरी आले ती तरंगतच. छापखाना बंद झाल्यापासून माझ्या हातून कुणाचं काही अडलेलं सुटलं, असं फार दिवसांनी झालं होतं.

सोमवारी दुपारी वहिनी जिन्यातून आली ती न ओरडता. माझ्याकडे आली आणि पलंगाच्या काठावर बसली.

"काय झालं?"

"खळी म्हणते, हा फुगा माझा नाही."

झालं होतं असं. सकाळी खळी धावतच खुर्चीकडे गेली. 'आ' म्हणाली. फुगा गेला वर. पण तिनं तो वर जायच्या आधीच तोंड मिटलं होतं आणि फुगा तिच्या मिटल्या तोंडासमोर चढत होता. तिनं वहिनीकडे बघितलं. पुन्हा 'आ' म्हटलं. पुन्हा तसंच. मग ती खुर्चीवरून उतरली, दाराबाहेर जाऊन कोण आहे ते बघून आली, टेबलाखाली वाकून बघितलं. आणि खुणेनं म्हणाली, हा माझा नाही. दुसरं कुणीतरी उडवतंय. त्यानंतर दिवसभर तिनं ओठ उघडले नाहीत.

"मोठ्या मुलांना काही वाटलं नाही," वहिनी म्हणाली. "त्यांना आपला आवाज आता माहीत आहे. ते थोडं थांबून घेतात. पण हिला... हिला मी शिकवत होते, की तू केलंस म्हणून झालं. आणि आज फुग्यानं तिला सांगितलं, की तुझा काही संबंध नाही."

शनिवारी तासभर आम्ही आ, ई, ऊ केलं होतं, चार मोठी माणसं, आणि एकालाही दिसलं नव्हतं. का, तर आम्हाला आमचा आवाज कानानं ऐकू येत होता. फुगा उशिरा उडाला काय नि लवकर काय, आम्हाला त्याची गरजच नव्हती. ज्या पोरीला गरज होती तिच्या एका क्षणात लक्षात आलं.

"माझंच चुकलं," मी म्हटलं.

"तुझं एकटीचं का? मी पंचवीस वर्षं हेच करतेय, मला दिसायला नको होतं?" ती रडली नाही, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली. "तिला पुन्हा त्या खुर्चीवर बसवायची मला भीती वाटते. आणखी एकदा असं झालं, तर ती मिटून जाईल."

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही उशीर मोजला. त्याची युक्ती वहिनीची. पडद्याशेजारी स्टीलची थाळी ठेवली, मी चमच्यानं थाळीवर ठोकलं, आणि तिनं मोबाइलवर थाळी आणि फुगा दोन्ही एकाच चौकटीत, अगदी संथ गतीच्या चित्रणात टिपलं. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. चमचा थाळीला लागल्यापासून फुगा हलेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतका, असं आपण म्हणतो. 'आ' म्हणून तोंड मिटायलाही तेवढाच लागतो.

मला माहीत होते ते सगळे उपाय मी दोन दिवसांत करून बघितले. उशीर कमी झाला, पण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर येऊन अडला. हलेना. तेव्हा मी इंटरनेटवर वाइनवाल्यांच्या मंचावर लिहायचं ठरवलं. तिथं जगभरची माणसं आपापली गाऱ्हाणी मांडतात आणि ज्याला उत्तर येतं तो देतो. मी लिहायला बसले ते यंत्राच्या भाषेत: अमुक आवृत्ती, तमुक साउंड कार्ड. वहिनी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "यातून कुणाला काय कळणार? खळीचं लिही."

"ते तांत्रिक लोक आहेत, त्यांना..."

"त्यांना पोरं नसतात का? लिही. मी सांगते."

ती सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. पोरगी सात महिने गप्प कशी होती, मंगळवारी काय झालं, गुरुवारी काय झालं, दाराबाहेर जाऊन तिनं कसं बघितलं. खाली माझे आकडे आणि थाळीचं चित्रण जोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव होतं, त्याचा अर्थ होतो गंजका खिळा. खरं नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी एक खिळा. पहिलीच ओळ होती: "त्या मुलीचं बरोबर आहे. चूक शोधायला मला तीन गोष्टी लागतील." पुढे काय लागेल त्याची यादी, आणि प्रोग्राम चालताना तो काय काय मागतो याची नोंद कशी काढायची, ते पायरीपायरीनं. शेवटी लिहिलं होतं, "यातलं काही केल्यानं काही बिघडत नाही. बिघडलंच तर मी आहे."

हे गंजका खिळा पुरुष की बाई, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आपल्या भाषेत तर त्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, आले म्हणायचं की आल्या? वहिनीनं तोडगा काढला: 'ते' म्हणायचं. आदरही झाला, प्रश्नही मिटला. मुख्याध्यापिकांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फुगा दुरुस्त करायला खिळा बोलावलात? धन्य आहे तुमची!"

पुढचे आठ दिवस सकाळी उठलं की आधी खिळ्यांचं उत्तर बघायचं, असा माझा नेम झाला. ते विचारत, मी करून बघे, नोंद पाठवे. दुपारी वहिनी आली की तिला सांगे. एकदा त्यांनी विचारलं, मायक्रोफोन कुठला? मी नाव कळवलं. दोन दिवसांनी त्यांनी लिहिलं, "तसाच एक मिळवला आहे. आता मलाही तेवढाच उशीर दिसतो. हे चांगलं झालं." वहिनी ते तीनदा वाचत राहिली. कुठल्या तरी लांबच्या खोलीत एक अनोळखी माणूस आपल्या पोरीसाठी मायक्रोफोन आणून, समोर बसून 'आ' म्हणत होता.

मग त्यांना सापडलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं: तुमचा जुना प्रोग्राम आवाज एकेक पेला मागतो. मधला दुभाषा मात्र, पुढे कमी पडू नये म्हणून, आधी अख्खी बादली भरून घेतो आणि मग पेले देऊ लागतो. गाणी ऐकणाऱ्याला हे सोयीचंच असतं, आवाज मध्येच तुटत नाही. चूक कुणाचीच नाही. फक्त बादली भरेपर्यंत बोलणाऱ्याला थांबावं लागतं, आणि तुमच्या मुलीला थांबता येत नाही, येऊही नये.

त्यांनी वाइनमधल्या सतरा ओळी बदलल्या. बदललेला दुभाषा आमच्या यंत्रांना चालेल असा तयार करून पाठवला, म्हणजे मला काही जुळवाजुळव करावी लागू नये. शुक्रवारी दुपारी शाळेत मी तो बसवला. वहिनीनं मोबाइल धरला. मी थाळीवर चमचा मारला. एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं: सेकंदाचा विसावा भाग. नुसत्या डोळ्यांना थाळी आणि फुगा बरोबरच हलताना दिसले.

"पुन्हा मार," वहिनी म्हणाली. मी मारला. "पुन्हा." असं तिनं मला वीस-एक वेळा तरी करायला लावलं. मग तिनं दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, वरून हात घट्ट दाबले आणि स्वतः बसली, 'आ' म्हणाली, थांबली. कापूस काढून म्हणाली, "आता तिला बसवताना मला लाज वाटणार नाही."

तरीही तिनं खळीला लगेच बसवलं नाही. सोमवारी खळीच्या आईला बोलावलं. बाई आगारातून तशाच आल्या, रबरी बूट घालून, बाह्या अजून ओल्या. वहिनीनं त्यांनाच त्या छोट्या खुर्चीवर बसवलं. त्या संकोचल्या. "मी काय करू, बाई?"

"आ म्हणा. मोठ्यानं. आणि वाटेल तेव्हा थांबा."

त्या 'आ' म्हणाल्या. खळी कोपऱ्यात पाठ करून बसली होती, ठोकळे रचत. आई खुर्चीवर बसलीय एवढं दिसल्यावर ती वळली. आईचं तोंड उघडं, फुगा वर. तोंड मिटलं, फुगा खाली. ती उठून जवळ आली. आईच्या गळ्यावर हात ठेवला. आई पुन्हा 'आ' म्हणाली, आणि खळी एकदा पडद्याकडे, एकदा तोंडाकडे बघत राहिली.

मग खळीनं आईचा हात धरून तिला खुर्चीवरून चक्क ओढून काढलं आणि स्वतः चढली.

"आ."

फुगा उडाला. तिनं तोंड मिटलं, फुगा उतरला. ती थांबली, तिरक्या डोळ्यांनी फुग्याकडे बघत, जणू त्याला फसवायचंय. मग एकदम, अगदी तुटक, "आ!" फुग्यानं टुणकन उडी मारली. "आ! आ! आ!" टुणटुणटुण. ती हसायला लागली आणि तिच्या हसण्याचाही आवाज फुग्याला लागला, तो हसण्याबरोबर हिंदकळू लागला. ते बघून ती आणखी हसली. सात महिन्यांत त्या वर्गात तिचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. घोगरं हसू होतं, आजोबांसारखं.

तिनं छातीवर हात ठेवून खूण केली: माझा.

तिची आई भिंतीला टेकून उभी होती. त्या मला म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?"

मी नाही म्हटलं. पण मग कुणी, ते सांगता येईना. एक खिळा आहे म्हणून सांगू?

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून खिळ्यांना पत्र लिहिलं. काय घडलं ते सगळं कळवलं. वहिनीला काही केल्या शेवटची ओळ जमेना. 'तुमचे उपकार' लिहिलं, खोडलं, 'शब्द नाहीत' लिहिलं, आणि स्वतःच म्हणाली, "शब्द शिकवायचा पगार घेते मी, आणि शब्द नाहीत काय लिहितेय!" शेवटी तिनं साधं लिहिलं: "ती हसली. तुमच्यामुळे."

त्यांचं उत्तर यायला या वेळी चार दिवस लागले. लिहिलं होतं: "मी सतरा ओळी बदलल्या. त्यांच्या मागे तीस वर्षांत कित्येक माणसांनी लिहिलेल्या लाखो ओळी आहेत, आणि त्यातल्या फारच थोड्या लोकांना मी ओळखतो किंवा ओळखते." (इथंही कळू दिलं नाहीच!) "हा बदल मुख्य प्रकल्पात स्वीकारला आहे. पुढच्या आवृत्तीपासून हा प्रश्न कुणालाच येणार नाही. बदलाच्या नोंदीत, चूक कुणी दाखवून दिली, त्यांचं नाव लिहायची पद्धत आहे. कुणाचं लिहू?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुझं लिहू या."

"मला कुठे दिसली होती चूक? तुला तरी दिसली होती का?"

मग आम्ही मुलीच्या आईला विचारलं. पोरीचं खरं नाव जगासमोर नको, असं त्यांचं म्हणणं पडलं, ते बरोबरच होतं. म्हणून त्या नोंदीत आजही असं आहे: चूक दाखवून दिली, एका पाच वर्षांच्या मुलीनं. फुगा आपला नाही हे तिनं ओळखलं.

खिळ्यांनी म्हटल्याप्रमाणे झालं. पुढच्या आवृत्तीत तो बदल आपसूक आला. मी उरलेल्या चार संगणकांवर फुगा बसवला तेव्हा मला काहीच करावं लागलं नाही. मोजून बघितलं, सगळीकडे विसावा भाग. मला थोडी चुटपुटच लागली. इतकी धडपड झाली तिचा मागमूसही नाही. उद्या कुणी हे वापरेल त्याला वाटेल, हे असंच असायचं. खिळ्यांनी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांनी तीस वर्षं हेच केलंय, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. छापखान्यातली माझी शेवटची सहा वर्षं अशाच कुणाच्या तरी जिवावर निभली होती, आणि मी कधी कुणाला दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी मी त्या मंचावर, कुणाच्याच नावे नाही असं, एक आभाराचं पत्र टाकलं. खाली बरीच माणसं येऊन नुसता हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का ठेवून गेली.

आता मी दर शनिवारी शाळेत जाते. संगणकांचं बघते, मुलांच्या पुस्तकांची पानं लावून देते. खळीचा पहिला स्वच्छ शब्द 'नको' होता. शाळेतल्या दुधाला उद्देशून. तिच्या आईनं त्याचं इतकं कौतुक केलं, की पुढचे दोन महिने पोरीनं दूध घेतलं नाही. मग 'दे' आला, 'माझं' आला, आणि नंतर मोजदाद राहिली नाही. दोन वर्षांनी ती घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत गेली. जाताना वहिनी धीट होती. घरी आल्यावर मात्र दिवसभर कुणाशी बोलली नाही. दादा घाबरून मला बोलवायला खाली आला.

नव्या शाळेत जाऊन तीन महिने झाले असतील. एका शनिवारी खळी आणि तिची आई वहिनीला भेटायला आल्या. मीही तिथंच होते. आईचा चेहरा असा, की रडतायत की हसतायत कळेना. त्यांनी पिशवीतून पोरीची वही काढली. तिच्यात नव्या बाईंनी लाल शाईनं पालकांना सूचना लिहिली होती: 'वर्गात सतत बडबड करते. शेजारच्या मुलींना लिहू देत नाही. कृपया समज द्यावी.'

खाली पालकांच्या सहीसाठी जागा सोडली होती. "सही करायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं."

वहिनीनं वही घेतली. वाचली. मला दिली. मी वाचली, परत तिला दिली. मुख्याध्यापिकांना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवली, 'सतत' या शब्दावर जोर देऊन. मग वहिनी म्हणाली, "याची एक प्रत मला काढून द्या," आणि मी वही घेऊन यंत्राकडे गेले.

खळीला यात काय बघण्यासारखं आहे ते काही कळत नव्हतं. ती दारात एका पायावर उभी राहून आईचा पदर ओढत होती. "चल ना," ती म्हणत होती. "चल ना आई, किती वेळ!"